रोपाची आई कोण? किनवटच्या जंगलातल्या प्रकल्प नोंदी

२३ जून २०२४

नांदेडहून भोकर, हिमायतनगर मागं टाकून इस्लापूरच्या पुढं आलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना साग सुरू होतो. आमच्या सोबतचा पोरगा लातूरचा. त्याच्या जिल्ह्यात जंगल नावालाच, त्यामुळे हाही मराठवाडाच आहे हे त्याला पटेना. आर्द्रा लागलीय, पैनगंगेला गढूळ पाणी आलंय आणि सागाची नवी पानं हाताएवढी झालीत.

प्रकल्पाचा प्रश्न एकदा सरळ लिहून ठेवते. जंगल कसं तोडलं, कसं राखलं आणि पुन्हा कसं लावलं, यावरून तिथल्या मूळ झाडांच्या जनुकीय विविधतेचं काय होतं? मुख्य काम सागावर, जोडीला टेंभुर्णी (तेंदू, जिच्या पानांच्या विड्या होतात) आणि सालई. साग यासाठी की तोडलाही तोच जास्त जातो आणि लावलाही तोच जास्त जातो. जगात साग मुळातला चारच देशांचा: भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस. त्यांत जनुकीय दृष्टीनं भारतातला साग सर्वांत संपन्न. किनवटच्या डोंगरात जे हरवेल ते दुसऱ्या कुठल्या देशातून मागवून भरून काढता येणार नाही.

जागा तीन ठरल्या. माहूरच्या बाजूचा एक उतार, जिथं बऱ्याच वर्षांत मोठी तोड नाही. साग, ऐन, धावडा, मोह, बिजा सगळे मिसळून आहेत. दुसरी जागा गावालगतचा जुना कूप (ठरावीक वर्षांनी तोडीला येणारा जंगलाचा तुकडा), जिथं साग कापल्यावर खुंटांना फुटवे येऊन रान पुन्हा उभं राहिलं. तिसरं रोपवन: सरसकट तोड करून, जमीन मोकळी करून स्टंप (रोपाचं मूळ आणि थोडं खोड राखून केलेला तुकडा) लावलेला निव्वळ साग. नेमकी ठिकाणं या नोंदींत देणार नाही. चांगल्या सागाचा पत्ता उघड्यावर ठेवणं बरं नाही.

प्रत्येक जागी ३० मोठी झाडं आणि ३० लहान, दोन्ही घ्यायची. हे आमच्या मॅडमनी पहिल्या बैठकीत ठासून सांगितलं होतं आणि इथं उभं राहिल्यावर ते नीट उमगलं. मोठं झाड हे तोडीच्या आधीचं साक्षीदार असतं. त्याच्या पेशींत जो वारसा आहे तो शंभर वर्षांपूर्वीच्या रानाचा. मोठी झाडं तपासून "सगळं ठीक आहे" म्हणणं म्हणजे आजोबांची तब्येत बघून नातवाचा दाखला देणं. तोडीनंतर जे बी पडलं, जे रुजलं, त्या लहान झाडांत काय उतरलं हे बघायला हवं.

७ जुलै २०२४

आज जुना कूप. सोबत वनरक्षक ताई आणि गावातले एक आंध समाजाचे मामा. मामांचं वय त्यांना विचारू नये, एवढंच म्हणाले, "हे खोड माह्या बापानं तोडतानी पाह्यलं, आन् हे फुटवे मी तोडतानी पाह्यले."

त्यांच्या त्या एका वाक्यात कुपाचा इतिहास आहे. सागाचं खोड कापलं तरी मूळ जिवंत राहतं, खुंटाच्या कडेनं धुमारे फुटतात, त्यांतले दोन-तीन जगतात आणि वीस-पंचवीस वर्षांत पुन्हा वासे-बल्ल्यांच्या मापाला येतात. पुन्हा कापायचे, पुन्हा फुटतात. वरून बघणाऱ्याला दाट रान दिसतं. पण एका खुंटावरचे तिन्ही फुटवे जनुकांच्या हिशेबात एकच झाड. शंभर खोडं मोजली आणि त्यामागचे खुंट चाळीसच निघाले, तर व्यक्ती चाळीसच. आम्ही म्हणून एका खुंटावरून एकच नमुना घेतोय आणि दोन नमुन्यांत किमान ५० मीटर अंतर ठेवतोय, नाहीतर सख्खी भावंडंच गोळा व्हायची.

फुटव्याचं रान वाईटच, असं मात्र मला लिहायचं नाही. खुंट जिवंत आहे तोवर जुना वारसा जसाच्या तसा जिवंत आहे. त्या अर्थानं तो जपलेला ठेवा आहे. अडचण दुसरीकडं आहे. फुटव्यांची सावली, गुरांची चराई आणि दर उन्हाळ्यातला वणवा यांतून बियांची रोपं वर येत नाहीत. नवं कुणी घरात येत नाही, जुने तेवढे थकत जातात. खुंटही अमर नसतो. तीन-चार तोडींनंतर तो कुजायला लागतो, फुटवा कमजोर येतो. मामांनी असे मेलेले खुंट पायानं दाखवले. एक खुंट मेला की एक वंश गेला, आणि खोडांच्या मोजणीत तो दिसतही नाही, कारण शेजारचा खुंट तोवर चार फुटवे देऊन आकडा भरून काढतो.

पानं सिलिका जेलच्या पाकिटांत भरली. पावसाळ्यात हवा इतकी ओली की निळे खडे संध्याकाळपर्यंत गुलाबी झाले. उद्या जास्तीचं जेल नेणे.

२८ जुलै २०२४

साग फुलला. शेंड्यावरचे पांढरट तुरे लांबून धुकं बसल्यासारखे दिसतात. एका तुऱ्यात हजारो कळ्या. फूल सकाळी उमलतं आणि एका दिवसाचंच. शंभर फुलांतून एखाद-दोनच फळाला जातात.

उतारावरच्या मिश्र रानात आणि रोपवनात दोन्हीकडे तुऱ्यांवर लहान मधमाश्या बघत बसलो. सागाचं परागण कीटकांवर आहे, आणि झाड स्वतःचा पराग बहुतेक नाकारतं. पराग रुजतो, नळीही वाढते, पण पुढं जाऊन थांबते. आता जुन्या कुपाचा विचार करा. माशी एका तुऱ्यावरून शेजारच्या खोडावर जाते, आपल्याला वाटतं दुसऱ्या झाडावर गेली, पण ते दुसरं खोड त्याच खुंटाचं. फूल स्वतःलाच भेटलं. बी धरत नाही, किंवा धरलं तर अशक्त धरतं.

मिश्र रानाचा एक फायदा आज डोळ्यांनी दिसला. सागाचा बहर संपला की माश्यांना खायला दुसरं काहीतरी असतं. खाली झुडपं फुललेली, कडेला वेली. रोपवनात सागाखाली जवळपास काहीच नाही. वर्षातले बाकीचे महिने माशी तिथं कशावर जगणार? जनुकांची देवाणघेवाण माश्यांच्या पायांवर चालते, आणि माश्यांचं पोट कोण भरतं तर ज्यांना आपण निकामी झाडोरा म्हणून साफ करतो ते.

१८ ऑगस्ट २०२४

रोपवन. २ बाय २ मीटरवर लावलेला साग, म्हणजे हेक्टरी २५०० रोपं. इथं पहिली विरळणी जुनीच झालीय: एकाआड एक झाड काढलेलं. पुढची विरळणी निवडीची असते, वाकडी, रोगट, दबलेली झाडं काढून सरळ, जोमदार राखायची.

जनुकांच्या अंगानं या दोन्हींत फरक आहे. एकाआड एक काढताना झाडाचा गुण बघितला जात नाही, त्यामुळे वारसा साधारण त्याच प्रमाणात कमी होतो. निवडीच्या विरळणीत आपण ठरवतो कोण राहील. सरळपणा काही अंशी आनुवंशिक असतो, तेव्हा सरळ झाडं राखली तर पुढची पिढी थोडी सरळ निघते. यात तोटा मोठा नाही. तोटा उलट्या निवडीत आहे, आणि ती जंगलात फार जुनी आहे: सरळ, जाड, चांगला तेवढा तोडून न्यायचा आणि वाकडा, पोकळ, फाटे फुटलेला मागं ठेवायचा. परवान्याची असो की चोरीची, अशी तोड एकदा झाली तर रान विरळ होतं एवढंच. पिढ्यान्‌पिढ्या होत राहिली तर पुढच्या सगळ्या पोरांना बाप म्हणून उरलेलेच मिळतात. गावालगतचा वाकडा साग बघून लोक म्हणतात इथली जमीनच अशी. जमीन असेलही. पण शंभर मीटरवर, त्याच मुरमात, चढायला अवघड कड्याखाली सरळसोट साग उभा आहे.

१५ सप्टेंबर २०२४

पानांची जाळी करणाऱ्या अळीनं रोपवन पार तपकिरी केलंय. पानातला हिरवा गर खाऊन नुसत्या शिरा ठेवल्यात. याच रांगांत मधूनच एखादं झाड हिरवं राहिलेलं. त्या झाडांना रंगाची खूण केली, पानं घेतली. किडीला कमी बळी पडणारी अशी झाडं सागवनांत अधूनमधून आढळतात. सगळी रोपं दोन-चार झाडांच्या बियांची असतील तर हे हिरवं झाड त्या रांगेत उभं असण्याची शक्यताच कमी.

२७ ऑक्टोबर २०२४

प्रयोगशाळा. सागाच्या पानात फिनॉलची संयुगं भरपूर. सीटॅब पद्धतीनं डीएनए काढताना द्रावण तपकिरी होतं आणि पुढची पीसीआर (डीएनएच्या नकला वाढवण्याची प्रक्रिया) अडते. फिनॉलला आवर घालणाऱ्या पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल या रसायनांचं प्रमाण वाढवल्यावर डीएनएचा पांढरा धागा मिळाला. पानगळीत नमुने घ्यायचे झाले तर सालीखालचा ओला थर, खोडाला फार न दुखवता, छोट्या गोल पंचानं काढायचा असं ठरलंय. जखमेवर लगेच मेण.

टेंभुर्णीचे पहिले निकाल अपेक्षेसारखे: दहा-बारा पावलांवरची वेगळी वाटणारी झुडपं एकाच जनुकीय ठशाची निघताहेत. मुळांतून फुटलेले धुमारे आहेत. पुढं त्यावर लिहायचंय.

१ डिसेंबर २०२४

वाचनाचा आठवडा. एक जुना अभ्यास सगळ्यांनी वाचावा असा आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात पांढऱ्या पाइनच्या दोन जुन्या रानांत तोडीआधी आणि तोडीनंतर वारसा मोजला. १९९७ साली प्रसिद्ध झाला. तीन चतुर्थांश झाडं काढल्यावर एकूण अलीलांपैकी (अलील म्हणजे एकाच जनुकाची वेगवेगळी रूपं) सुमारे चौथा हिस्सा गेला. दुर्मिळ अलील मात्र सुमारे ८० टक्के गेले.

मोजमापाचा एक धडा त्यात आहे. विविधता मोजायचे दोन रूढ मार्ग: सरासरी विषमयुग्मकता, म्हणजे एका झाडात दोन वेगळी रूपं असण्याचं प्रमाण, आणि नुसती रूपांची संख्या. पहिला आकडा नेहमीच्या, सर्वत्र असलेल्या रूपांवर ठरतो. तो तोडीनंतर फारसा हलत नाही, आणि अहवालात तोच आला तर सगळं आलबेल दिसतं. दुसरा आकडा आधी पडतो, कारण दुर्मिळ रूपं शंभरातल्या एखाद-दोन झाडांतच असतात, आणि नेमकी ती झाडं कुऱ्हाडीखाली गेली की संपलं.

दुर्मिळाचं काय एवढं, असा प्रश्न आमच्या गटातही निघाला. आज निरुपयोगी वाटणारं रूप उद्याच्या दुष्काळात किंवा नव्या किडीपुढं कामाचं ठरू शकतं. मराठवाड्यात राहून हे कुणाला समजावून सांगावं लागू नये. इथल्या शेतकऱ्यानं ज्वारीचं जुनं वाण कणगीच्या तळाशी राखून ठेवलं ते याच हिशेबानं.

१९ जानेवारी २०२५

बी गोळा करण्याचा हंगाम. आजची नोंद मोठी होणार, कारण मला आता वाटतं की या सगळ्या प्रकल्पाचा गाभा कुऱ्हाडीत कमी आणि बियांच्या पोत्यात जास्त आहे.

सागाचं फळ वाळून लोकरीच्या आवरणासकट खाली पडतं. गोळा करणाऱ्याला किलोवर पैसे मिळतात. किलोवर पैसे म्हटल्यावर माणूस साहजिकच जिथं जास्त फळ, जिथं रस्ता जवळ, जिथं झाड बुटकं तिथं जाईल. यात त्याचा दोष शून्य आहे. पण अशी झाडं कोणती असतात? सागाचा तुरा शेंड्याला येतो. शेंडा फुलात गेला की सरळ वाढ थांबते आणि खोडाला फाटे फुटतात. जे झाड लहान वयात फुलतं त्याला खालीच फाटा फुटतो; ते बुटकं, पसरट होतं आणि भरपूर फळ देतं. लवकर फुलण्याचा गुण पोरांत उतरतो. म्हणजे गोळा करायला सोपं म्हणून आपण नेमकं तेच बी उचलतो ज्याची रोपं पुन्हा लवकर फाटणार. ज्या उंच सागानं तीस वर्षं सरळ वाढून मग फुलायला घेतलं, त्याची मोजकी फळं गवतात पडून राहतात.

आता किती झाडांचं बी घ्यावं? दुपारी मोहाखाली बसून पोरांना हा हिशेब करायला लावला. समजा एखादं रूप समूहात ५ टक्के प्रमाणात आहे. प्रत्येक झाडात त्या जनुकाच्या दोन प्रती. एकमेकांशी नातं नसलेली ५ झाडं घेतली तर १० प्रती. त्यांत ते रूप निदान एकदा असण्याची शक्यता ४० टक्के. १० झाडं घेतली तर ६४ टक्के. ३० झाडं घेतली तर ९५ टक्के. जे रूप १ टक्काच आहे ते मात्र ३० झाडांतही निम्म्याहून कमी वेळा सापडेल. म्हणून ३० हा आकडा. त्यात जादू काही नाही, निदान जे अगदी दुर्मिळ नाही ते तरी हुकू नये एवढीच हमी. फळात बापाकडून आलेला परागही असतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं अधिक हाती लागतं. पण बाप किती होते हे आपल्या हातात नाही, आया किती हे आपण ठरवू शकतो.

याच हिशेबाचा दुसरा भाग पोरांना जास्त लागला. ३० झाडांचं बी घेतलं, पण निम्मं पोतं एकाच भरघोस झाडाचं आणि उरलेलं निम्मं बाकीच्या २९ चं, तर? गणित मांडलं की परिणामाच्या दृष्टीनं आया ३० राहत नाहीत, चाराहून कमी भरतात. वनरक्षक ताईंनी वहीत तो आकडा पुन्हा स्वतः काढून बघितला, मग मला म्हणाल्या, "मॅडम, म्हणजे प्रत्येक झाडाचं मापटं सारखं पाहिजे." हेच. प्रत्येक झाडाची वेगळी पिशवी, वेगळी चिठ्ठी, आणि मिसळताना प्रत्येकीतून सारखं माप.

रोपवनात हेक्टरी २५०० रोपं. ५ झाडांच्या बियांची असतील तर प्रत्येक आईची ५०० पोरं एकमेकांना खेटून उभी. ती मोठी होऊन आपसांत फुलतील तेव्हा सावत्र भावंडांच्या संकराची पोरं होणार. त्यांच्यात अंतःप्रजननाचा गुणांक, म्हणजे एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता, एक अष्टमांश. एका पिढीत साग त्यानं मरणार नाही. पण हेच रोपवन पुढं बियांचा स्रोत म्हणून धरलं गेलं, तर तिथून निघालेलं प्रत्येक रोपवन आणखी अरुंद होत जाईल.

९ फेब्रुवारी २०२५

सालई. पानं एकही नाही, पांढुरकी साल, फांद्यांच्या टोकाला फिकट फुलं. आग्या माश्यांचा नुसता गजर.

सालई हे कोरड्या खडकाळ माथ्याचं झाड. जिथं साग थांबतो तिथं ती उभी राहते. तिचा स्वपराग तिला अजिबात चालत नाही, फळ धरतच नाही. आणि लावायला ती फार सोपी: जाड फांदी तोडून पावसाच्या तोंडावर रोवली की लागते. हे दोन गुण एकत्र ठेवून बघितले की धडकी भरते. एका मोठ्या सालईच्या फांद्या तोडून सगळ्या माळावर रोवल्या, जगल्या, हिरव्या झाल्या, फोटो निघाले. पण तो सगळा माळ म्हणजे एकच झाड. माश्या कितीही येवोत, आसपास दुसऱ्या वंशाची सालई नसेल तर फळ नाही. रान हिरवं आणि वांझ.

मामांना विचारलं, कुंपणाच्या या सालया कुठल्या. ते म्हणाले, "त्या टेकडावरल्या म्हाताऱ्या सालईच्या हायेत सगळ्या. एका दिशी फांट्या आणल्या आन् रोवल्या." कुंपणातल्या आणि टेकडीवरच्या, दोन्हीकडच्या फांद्यांना खुणा केल्या. मेमध्ये फळं मोजायची. फांदीनं लावू नका असं नाही. दहा-वीस वेगवेगळ्या झाडांच्या फांद्या आणून आलटून पालटून रोवा, एवढंच म्हणणं आहे. कष्ट तेवढेच, फक्त चालणं जास्त.

१६ मार्च २०२५

तेंदूपानांसाठी टेंभुर्णीच्या झुडपांची छाटणी सुरू. छाटलं की मुळांतून नवे कोंब येतात, पान मोठं आणि मऊ मिळतं. विडीला तेच लागतं. एप्रिल-मेमध्ये इथल्या कितीतरी घरांत याचे पैसे येतात आणि ते आलेच पाहिजेत.

पण टेंभुर्णीत नर झाड वेगळं आणि मादी वेगळी. सतत छाटलेलं झुडूप फुलाच्या वयाला पोचतच नाही. मुळांतून पसरत गेलेला एखादा पट्टा सगळा एकाच झाडाचा, म्हणजे सगळा नर किंवा सगळी मादी. पानांचं उत्पादन उत्तम, आणि नवं बी नाही. ग्रामसभेपुढं मांडायची सूचना ठरली: दर पट्ट्यात काही झुडपं छाटायचीच नाहीत, वाढू द्यायची, आणि नर व मादी दोन्ही राहतील हे बघायचं. टेंभरं खायला मिळतात म्हणून बायांनी याला लगेच होकार दिला.

परवा पलीकडच्या डोंगराला वणवा लागला. जाळरेषेनं (आग अडवायला मोकळ्या केलेल्या पट्ट्यानं) आमचा उतार वाचला. खूण केलेली लहान रोपं शाबूत.

२० एप्रिल २०२५

रोपवाटिका बघितली. वाफे नीट, पाणी नीट, काम करणाऱ्या बाया तरबेज. नोंदवहीत प्रजाती, संख्या, पेरल्याची तारीख. बी कुठल्या रानाचं, किती झाडांचं, हा रकानाच नाही.

राज्यात २०१६ साली २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी झाडं लावायचं लक्ष्य ठरलं होतं. त्या वर्षांत शाळाशाळांतून खड्डे खणले गेले, मीही खणलेत. एवढ्या मोठ्या कामात प्रत्येक रोपाला विचारायचा पहिला प्रश्न "तुझी आई कोण?" हा असायला हवा, असं मला आता मनापासून वाटतं. जगली किती हे विचारलं जातं, तेही गरजेचं. पण वंश किती जगले?

रोपवाटिकेतली आणखी एक चाळणी आहे. सागाचं फळ कठीण कवचाचं, रुजवण कमी आणि रखडत होणारी. आळीपाळीनं भिजवून वाळवून पेरतात. जे आधी उगवतं ते पिशवीत जातं, ठरलेला आकडा भरला की वाफा मोडतात. मागून उगवणारं बी मातीबरोबर फेकलं जातं. रानात मात्र उशिरा उगवणं हा दुष्काळी मुलखातला विमा आहे. मृग बरसला, सगळं बी एकदम उगवलं आणि मग पुढं पावसानं ओढ दिली तर सगळीच रोपं करपतील. जे बी दुसऱ्या पावसाची, किंवा दुसऱ्या वर्षाची वाट बघत पडून राहिलं तेच वंश चालवणार. वाफ्यात आपण दरवर्षी नकळत अधीर बियांची निवड करतोय, आणि ती रोपं नेऊन लावतोय बीड-धाराशिवच्या माळावर.

वाफा दोन पावसाळे राखता येईल का, असं विचारलं. जागेची अडचण खरी आहे. एक कोपरा मिळाला.

११ मे २०२५

बैठक गावात, समाजमंदिरात. ग्रामसभेचे लोक, रोपवाटिकेतल्या बाया, वनरक्षक ताई, आम्ही. मॅडमनी जनुक हा शब्द एकदाही न वापरता सगळं सांगितलं. लग्नात गोत बघतो ते का, तिथून सुरुवात केली आणि पुढचं लोकांनीच जोडत नेलं. कोलाम वस्तीवरून आलेल्या एका आजींनी विचारलं, मोहाचं काय? मोह तोडीतही वाचला, कारण प्रत्येक मोहाला कुणीतरी धनी होतं. उतारावर, कुपात, अगदी रोपवनाच्या मधोमध जुने मोह आहेत. पण खाली पोर नाही: फुलं वेचायला जमीन जाळून साफ करतात आणि टोळंबी, म्हणजे मोहाचं बी, तेलासाठी वेचली जाते. मोहाचं बी साठवलं तर लवकर मरतं, ते पावसाच्या तोंडावर ताजंच पेरावं लागतं. आजी म्हणाल्या, आपापल्या मोहाच्या मूठमूठ टोळंब्या प्रत्येक घर देईल. म्हणजे न मागता प्रत्येक झाडाचं सारखं माप.

ठरलं ते असं. यंदाच्या सागासाठी उतारावरची आणि कड्याखालची ३० झाडं बीजवृक्ष म्हणून खुणावली. दोन झाडांत १०० मीटर अंतर, एका खुंटावरून एकच. बी गोळा करणाऱ्यांना किलोऐवजी झाडामागं मजुरी. नोंदवहीत तीन नवे रकाने: रान, झाडांचे क्रमांक, गोळा केल्याची तारीख. कुपात पुढची तोड येईल तेव्हा चांगली बीजझाडं एकाच कोपऱ्यात न ठेवता सगळीकडे विखरून राखावीत, अशी लेखी विनंती जाईल.

कुंपणातल्या सालईंवर फळं जवळपास नाहीत. टेकडीच्या पलीकडच्या अंगाला, जिथं सालया आपसूक उगवलेल्या आहेत, तिथं घोस आहेत. नमुने प्रयोगशाळेत गेलेत.

८ जून २०२५

पाऊस यायच्या आत सागाची पेरणी झाली. वाफ्यात प्रत्येक बीजवृक्षाची वेगळी ओळ, टोकाला पत्र्याची पट्टी, पट्टीवर क्रमांक. भिजवणं-वाळवणं बायांनीच केलं. ओळी वेगळ्या ठेवायला वेळ दीडपट लागतो, त्याची मजुरी प्रकल्पातून दिली. पुढच्या वर्षापासून ती कुठल्या खात्यातून निघेल याचा प्रस्ताव आठवडाभरात करायचाय.

कड्याखालच्या झाडांच्या ओळींत बी कमी आहे, तिथं रुजवण कमी झाली तरी इतर ओळींतून भर घालायची नाही, असं सगळ्यांना सांगून ठेवलंय. प्रत्येक ओळीतली उगवण दर रविवारी मोजायची आणि उशिरा उगवणाऱ्यांनाही पिशवी मिळेल हे बघायचं. मोहाच्या टोळंब्या पडायला लागल्यात. आजींच्या वस्तीवरून पहिल्या पुरचुंड्या उद्या येणार आहेत, प्रत्येकीवर घराचं नाव लिहून घेणे.